जूनमधले तण, मार्चमधला निर्णय

१९५० सालच्या मे महिन्यात डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्ग शहराजवळ पीट कापणाऱ्या एका कुटुंबाला दलदलीत माणसाचा मृतदेह सापडला. चेहरा इतका शाबूत होता, की हा नुकताच झालेला खून असावा असे समजून त्यांनी पोलिसांना बोलावले. प्रत्यक्षात तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वी मेला होता. टॉलंड मॅन या नावाने तो आज जगभर ओळखला जातो. त्याच्या आतड्यांत शेवटच्या जेवणाचे अवशेष शिल्लक होते, आणि २०२१ साली सिल्केबोर्गच्या संग्रहालयातल्या संशोधकांनी ते नव्याने तपासून पाहिले. त्याने लापशी खाल्ली होती. तिच्यात सुमारे ८५ टक्के बार्ली होती, ५ टक्के अळशी होती आणि ९ टक्के बी होते पेल पर्सिकारिया नावाच्या तणाचे. मळणीनंतर धान्य चाळताना खाली पडलेला हा कचरा लापशीत मुद्दाम घातला असावा, असा त्या संशोधकांचा कयास आहे.

पेल पर्सिकारिया हे वसंतात उगवणारे तण. बार्लीच्या शेतात ते वाढते, बार्लीच्या सुमारास पिकते आणि तिच्याबरोबरच कापणीत येते. त्याचे भाऊबंद आजही आयर्लंड, स्कॉटलंड आणि डेन्मार्कच्या बार्लीत दर वर्षी हजेरी लावतात. नांगर बदलले, बियाण्याचे वाण बदलले, गेल्या पाऊणशे वर्षांत तणनाशकांच्या किती तरी पिढ्या आल्या. तरीही जून उजाडला की शेतकरी बांधावर उभा राहून तोच प्रश्न विचारतो. फवारणी होऊन गेली, पीक गुडघ्याला आले, आणि खाली हे नवे तण कुठून उगवले? आता याचे काय करायचे?

घाईचे पीक

बार्ली म्हणजे आपला जव, सातू. उत्तर भारतात तो रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. वायव्य युरोपात त्याचे दोन हंगाम आहेत. हिवाळी बार्ली थंडीच्या आधी पेरली जाते आणि थंडीभर जमिनीलगत बसून राहते. वासंतिक बार्ली मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीला वाफसा आला की पेरतात आणि ऑगस्टमध्ये कापतात. आयर्लंडच्या पूर्व आणि दक्षिण भागात, म्हणजे वेक्सफर्ड, कार्लो, किल्डेअर, कॉर्क या परगण्यांत आणि स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर हे मोठे पीक आहे. डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथे १७५९ पासून चालत आलेल्या गिनेसच्या बिअर कारखान्याला आणि स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कीला लागणारे माल्ट मुख्यतः याच बार्लीतून येते.

पेरणीपासून कापणीपर्यंत या पिकाला पाचेक महिनेच मिळतात, आणि त्यातले निर्णायक दिवस फार लवकर येऊन जातात. माल्टसाठी लावतात ती दुरांगी बार्ली. तिच्या ओंबीच्या प्रत्येक पेरावर तीन कणिशके असतात, पण दाणा धरते फक्त मधले. त्यामुळे एका ओंबीत दाणे किती भरणार याला जन्मतःच मर्यादा आहे. गव्हाच्या एका कणिशकात अनेक दाणे धरू शकतात, म्हणून ओंब्या थोड्या कमी पडल्या तरी गहू काही अंशी तूट भरून काढतो. बार्लीला ती सोय नाही. तिचे उत्पन्न मुख्यतः दर चौरस मीटरला ओंब्या किती यावर ठरते, ओंब्यांची संख्या ठरते फुटव्यांवर आणि फुटवे फुटतात व टिकतात ते एप्रिल-मे महिन्यांत. त्या आठवड्यांत नत्र, ओलावा किंवा उजेड दुसऱ्या कोणी पळवला, तर मेलेला फुटवा पुढे परत येत नाही.

म्हणून बार्लीतल्या तणाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो ते केव्हा उगवले हा. ते किती आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

मातीतले पंचांग

शेतजमिनीच्या वरच्या थरात दर चौरस मीटरला तणाच्या हजारो बिया असू शकतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात विनिफ्रेड ब्रेंचली आणि कॅथरीन वॉरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही शिल्लक मोजली. प्रायोगिक शेतांतली माती आणून ती तबकांत पसरायची, ओली ठेवायची, अधूनमधून हलवायची आणि उगवलेले प्रत्येक रोप ओळखून, मोजून उपटायचे, असे ते चिकाटीचे काम होते. एका वर्षी उगवते ते मातीतल्या एकूण बियांमधले थोडेसेच. बाकीचे वाट पाहत राहते, कित्येकदा वर्षानुवर्षे.

ही वाट पाहण्याची रीत प्रत्येक तणाची निराळी. वॉरिकशायरमधल्या वेल्सबर्न येथे एच. ए. रॉबर्ट्स यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून दाखवून दिले, की तणांच्या बहुतेक जातींचे उगवण्याचे महिने ठरलेले असतात. नॉटग्रास हे जमिनीवर पसरणारे तण घेऊ. त्याच्या बीची सुप्तावस्था हिवाळ्याच्या थंडीने मोडते. वसंताच्या अगदी सुरुवातीला ते उगवू लागते. पुढे माती तापू लागली, की न उगवलेले बी पुन्हा झोपी जाते आणि पुढच्या थंडीची वाट पाहते. त्यामुळे एप्रिल सरता सरता नॉटग्रासची मुख्य लाट ओसरलेली असते. ब्लॅक बाइंडवीड हा पिकाला विळखे घालत चढणारा वेल त्याच्यामागून येतो आणि मेपर्यंत उगवत राहतो. रेडशँक म्हणजे पेल पर्सिकारियाचा सख्खा भाऊ, तोही याच सुमाराचा.

सगळ्यात लांबलचक हंगाम असतो फॅट हेनचा. हे तण मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचे आहे. तो आपला चाकवत. आपण ज्याची ताकातली पातळ भाजी करतो आणि जो आपल्याही गव्हाच्या रानात आपोआप उगवतो, तोच चाकवत आयर्लंडमध्ये एप्रिलपासून उन्हाळाभर उगवत राहतो. एकाच झाडावर तो दोन प्रकारचे बी धरतो. तपकिरी, पातळ सालीचे बी लगेच उगवते. काळे, जाड सालीचे बी वर्षांची बेगमी करून जमिनीत पडून राहते. मातीत नायट्रेट वाढले तर त्याची उगवण वाढते. म्हणजे पिकासाठी घातलेले खत त्यालाही जाग आणते. मोकळ्या जागी वाढलेले एखादे झाड हजारो बिया टाकून जाते.

झोपलेल्या बीला जागे करणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे प्रकाश. मशागत करताना मातीचे ढेकूळ उलटते आणि बीवर क्षणभर उजेड पडतो. लहान बियांच्या अनेक तणांना तेवढा क्षण पुरतो. पेरणीसाठी जमीन तयार करताना शेतकरी तणालाही जमीन तयार करून देत असतो. यातून सुटका नाही, पण हे ठाऊक असले तर पुढची आखणी करता येते.

आधी कोण उगवले?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जॉन ओ'डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बार्ली आणि गव्हाच्या शेतात रानओट हे गवती तण पिकाच्या आधी उगवले, बरोबर उगवले की मागाहून उगवले, यावर नुकसान कसे बदलते, ते त्यांनी मोजले. तणाची संख्या तेवढीच राहिली तरी, तण पिकाच्या आधी जितके दिवस उगवले त्यातल्या दर दिवसामागे पिकाची घट साधारण ३ टक्क्यांनी वाढत होती. तण पिकाच्या मागून आले, तर घट कमी कमी होत जात होती.

तणशास्त्रातला हा अतिशय कामाचा निष्कर्ष आहे. बार्ली लवकर उगवते, झपाट्याने पाने पसरते आणि मुळेही लवकर खाली सोडते. आठवडाभराची आघाडी तिला मिळाली, की मागून येणाऱ्या रोपाला सावलीत वाढावे लागते. ते किडकिडीत होते, बरेचदा दोन पानांवरच अडते किंवा मरते. याउलट पिकाबरोबर उगवलेला चाकवत बार्लीच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि बार्लीच्या डोक्यावरूनही जातो.

म्हणूनच आयर्लंडमध्ये सल्ला असा दिला जातो, की बार्लीतले मुख्य तणनियंत्रण पेरणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तण दोन ते चार पानांचे असताना आणि पिकाच्या कांडी धरण्याआधी उरकावे. त्या वेळी तण कोवळे असते, औषधाची मात्रा कमी पुरते आणि वाचवलेला फुटवा पुढे ओंबी होतो.

फवारणीची १३० वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभ्या धान्यातले तण काढायचे तर हातानेच. स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या कारगिल गावाच्या परिसरात कॉर्न मॅरिगोल्ड या पिवळ्या फुलांच्या तणासाठी खास स्वारी निघत असे. नेमलेली माणसे घोड्यावरून शेते तपासत आणि ज्याच्या धान्यात हे फूल दिसेल त्याला दंड करीत. एका तणाची चर्चा गावाच्या कायद्यात व्हावी, यावरून त्याचा त्रास किती असेल ते कळते. हे तण आम्ल जमिनीत माजते, आणि बार्लीला आम्ल जमीन मुळीच सोसत नाही. म्हणून शेतात चुना घालणे हा तिथे एकाच वेळी बार्लीला बळ देणारा आणि या तणाचे बळ काढून घेणारा उपाय ठरतो, आजही.

रासायनिक तणनियंत्रणाची सुरुवात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांच्या शेजारी झाली. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या रोजच्या ओळखीचे बोर्डो मिश्रण तिथे द्राक्षांवर फवारले जाई. ते चारलॉक या रानमोहरीवर उडाले की तिची पाने काळी पडतात, हे १८९६ साली बोने नावाच्या बागायतदाराच्या ध्यानात आले. त्यातून मोरचुदाचे द्रावण धान्यात फवारण्याची कल्पना निघाली. रानमोहरीची खरबरीत, आडवी पाने ते द्रावण धरून ठेवत आणि धान्याची उभी, मेणचट पाने ते निथळून टाकत. पुढे त्याच तत्त्वावर सौम्य केलेले गंधकाम्लही वापरले गेले.

मोठी झेप आली ती १९४० च्या दशकात. इंग्लंडमध्ये जेलट्स हिल येथल्या आयसीआय कंपनीच्या केंद्रात विल्यम टेम्पलमन वनस्पतींच्या वाढसंप्रेरकांसारखी रसायने तपासत होते. यातले एक रसायन ओटच्या पिकाला फारसे न दुखावता चारलॉकला मारते, असे त्यांना दिसले. त्याच वाटेने एमसीपीए तयार झाले आणि युद्ध संपल्यावर १९४६ पासून ते शेतकऱ्यांना मिळू लागले. रुंद पानांच्या झाडांची वाढ या औषधाने बेताल होते, देठ पिळवटतात आणि झाड मरते. शतकानुशतके धान्य पिवळे करून टाकणारी रानमोहरी काही वर्षांतच बार्लीतून मागे हटली.

पण तिची जागा रिकामी राहिली नाही. चिकवीड, क्लीव्हर्स, नॉटग्रास, ब्लॅक बाइंडवीड ही तणे एमसीपीएला फारशी दाद देत नव्हती. प्रतिस्पर्धी गेल्यावर ती पसरली. चिकवीड आणि क्लीव्हर्ससाठी बूट्स कंपनीने १९५० च्या दशकात मेकोप्रॉप आणले. त्यानंतर अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत जॉर्ज लेविट यांनी सल्फोनिल्युरिया हा औषधांचा संपूर्ण नवा वर्ग शोधला. त्यातले पहिले तणनाशक १९८२ साली बाजारात आले. किलोच्या हिशेबाने पडणारी मात्रा आता हेक्टरी काही ग्रॅमवर आली. आपल्याकडे गव्हात वापरले जाणारे मेटसल्फ्युरॉन मिथाइल याच घराण्यातले.

ही औषधे वनस्पतीतले एएलएस नावाचे एकच विकर बंद पाडतात. त्या विकराची घडण जनुकातल्या एखाद्या छोट्या बदलाने वेगळी झाली, की औषध तिथे बसत नाही. लाखो रोपांवर वर्षानुवर्षे एकच औषध मारत राहिल्यास असे एखादे रोप वाचते, बी टाकते आणि पाच-सात हंगामांत शेताचा तो कोपरा त्याच्याच वंशाने भरून जातो. आयर्लंडमध्ये चिकवीड आणि कॉर्न मॅरिगोल्ड यांच्यात, स्कॉटलंडमध्ये चिकवीडमध्ये अशी प्रतिकारशक्ती आढळली आहे. म्हणून आता सल्फोनिल्युरियाबरोबर वेगळ्या रीतीने काम करणारे दुसरे औषध, उदाहरणार्थ मेकोप्रॉप-पी किंवा फ्लुरॉक्झिपायर, मिसळून वापरण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला मानणे हे प्रत्येक शेतकऱ्याचे शेजाऱ्याप्रती असलेले कर्तव्यही आहे, कारण प्रतिकारक बी यंत्रांबरोबर बांध ओलांडते.

फवारणी झाल्यावर उगवलेले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेळेवर, नेमक्या मात्रेत फवारणी झाली, तरी जूनमध्ये तण का दिसते?

पहिले कारण म्हणजे बहुतेक औषधे पानांतून काम करतात. जे उगवलेच नव्हते त्यांना ती लागत नाहीत. काही औषधे मातीत थोडे दिवस टिकतात, पण कोरड्या मातीत त्यांचाही फारसा उपयोग होत नाही. दुसरे कारण पावसाचे. एप्रिल कोरडा गेला, तर तणाचे बी कोरड्या थरात पडून राहते आणि मेच्या अखेरीस पाऊस झाला की एकदम उगवते. तिसरे कारण फवारणीच्या घाईचे. मावा मारण्यासाठी कीटकनाशक लवकर फवारायचे असते, एका फेरीत दोन्ही कामे उरकावीत म्हणून तणनाशकही त्यातच घातले जाते, आणि तणाची मुख्य लाट मागे राहून जाते. चौथे आणि सर्वांत मोठे कारण पिकातल्या मोकळ्या जागा. ट्रॅक्टर वळल्याने दबलेले शेताचे टोक, फवारणी यंत्राच्या चाकांचे पट्टे, कावळ्यांनी उकरलेले बियाणे, पाणी साचून विरळ झालेला खोलगट भाग अशा ठिकाणी उजेड जमिनीपर्यंत पोचतो, आणि उशिराचे तण नेमके तिथेच सापडते.

या तणाने धान्याच्या उत्पन्नात पडणारी घट बहुधा किरकोळ असते, कारण ओंब्यांची संख्या तोवर ठरून गेलेली असते. त्याचा उपद्रव पुढे येतो. जुलैत बार्लीची पाने पिवळी पडून वाळू लागतात, छत विरळ होते आणि खाली दबून राहिलेला चाकवत वर येतो. वाऱ्यापावसाने पीक लोळले असेल तर त्याला आणखी वाट मिळते. ब्लॅक बाइंडवीड ताटांना विळखे घालून पिकाला खाली ओढतो. ऑगस्टमध्ये कापणी यंत्र शेतात शिरते तेव्हा बार्ली वाळलेली आणि तण हिरवेगार असते. यंत्र अडते, हिरव्या देठांचे आणि ओल्या बियांचे तुकडे धान्यात मिसळतात, आणि धान्याची ओल वाढते. वाळवायला इंधन जास्त लागते.

माल्टच्या बार्लीत हे जास्तच जपावे लागते. माल्ट करण्यासाठी दाणा भिजवून त्याला मोड आणतात, म्हणजे विकत घेतला जाणारा प्रत्येक दाणा जिवंत हवा. हिरव्या कचऱ्यामुळे ढीग तापला, किंवा ओल काढण्याच्या नादात वाळवण यंत्राचे तापमान जास्त ठेवले गेले, तर दाण्यातला अंकुर मरतो. दिसायला सुरेख दाणा मग जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो.

मग जूनमध्ये पुन्हा फवारायचे का? बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. अनेक औषधांना पिकाच्या पहिल्या-दुसऱ्या कांडीपर्यंतच परवानगी असते. फ्लुरॉक्झिपायरसारखी मोजकी औषधे शेवटच्या पानापर्यंत चालतात, आणि क्लीव्हर्सचा विळखा मोठा असेल तेव्हा ती कामी येतात. संप्रेरकांसारखी औषधे चुकीच्या अवस्थेत पडली, तर ओंब्या वेड्यावाकड्या होतात आणि दाणे भरत नाहीत. शिवाय दाट पिकाखालच्या तणावर औषध पोचतच नाही, आणि जे पोचते ते कोवळेपण ओलांडलेल्या झाडाला पुरत नाही. कापणीआधी ग्लायफोसेट मारून सगळे वाळवून टाकण्याची सवय काही ठिकाणी होती. युरोपीय संघाने २०२३ साली ग्लायफोसेटला १० वर्षांची मुदतवाढ देताना, कापणीची वेळ साधण्यासाठी पीक वाळवण्याच्या कामी त्याचा वापर करायला मनाई केली.

उशिराच्या तणाचा खरा हिशेब यंदाच्या पोत्यांत होत नाही, तो पुढच्या वर्षांच्या मातीत होतो. एका वर्षी तण बियांवर आले की सात वर्षे खुरपणी, असे इंग्लंडमधले जुने शेतकरी म्हणत. जूनमध्ये विरळ दिसणारा चाकवत ऑगस्टमध्ये बी टाकतो आणि ते बी कुठल्या वर्षी उगवायचे हे तोच ठरवतो.

रानओटाची गोष्ट निराळी

उशिराच्या तणांत एकाला मात्र कधीच माफी नाही, तो म्हणजे रानओट. बार्लीही गवत आणि रानओटही गवत, त्यामुळे एकाला मारून दुसरे वाचवणारे औषध मिळणे मुळात अवघड. २००६ च्या सुमारास आलेले पिनॉक्साडेन हे औषध, पिकाला सांभाळणाऱ्या दुसऱ्या रसायनाची जोड देऊन, बार्लीत वापरता येते. पण आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातल्या ओक पार्क येथे टीगास्क या कृषी संस्थेच्या संशोधकांनी तपासलेल्या रानओटांत या गटातल्या औषधांना न जुमानणारे नमुनेही निघाले आहेत.

रानओटाचा उगवण्याचा काळ लांबलचक. बरेच खोल गेलेले बीही वर येते, म्हणून त्याची रोपे एका फवारणीत सापडत नाहीत. त्याच्या बीला एक पिळदार, गुडघ्यासारखा वाकलेला तंतू असतो. हवेतला दमटपणा वाढला की पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने बी स्वतःला मातीच्या भेगेत ढकलत नेते. शिवाय बार्ली पिकण्याआधीच, जुलैपासून त्याचे बी गळू लागते. कापणी यंत्र येईपर्यंत पुढच्या वर्षाची पेरणी होऊन गेलेली असते.

म्हणून जून-जुलैत रानओटाचे पसरट, झुकलेले तुरे बार्लीच्या वर दिसू लागले, की जुन्या पद्धतीने शेत पालथे घालतात. पोते घेऊन चाकांच्या पट्ट्यांतून चालायचे, प्रत्येक झाड मुळासकट उपटायचे, पोत्यात भरायचे आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करायचे. उपटून तिथेच टाकले तर चालत नाही, कारण दाणा अर्धवट भरला असला तरी तो पुढे उगवू शकतो. हेक्टरी मोजकी झाडे असताना हे काम परवडते. एक-दोन वर्षे दुर्लक्ष झाले की ते हाताबाहेर जाते. बियाण्यासाठी राखलेल्या बार्लीत तर ते चुकवताच येत नाही.

पीक हेच तणनाशक

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर एक प्रयोग केला. बियांवर तांबडा प्रकाश टाकला की त्या उगवत. त्यानंतर अतितांबडा प्रकाश टाकला की उगवण थांबे. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा उगवत. शेवटी जो प्रकाश पडला असेल त्याचेच बी ऐकत असे. बीतल्या ज्या रंगद्रव्यामुळे हे घडते त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले.

शेतात याचा अर्थ फार मोठा आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अतितांबडा खाली जाऊ देते. दाट बार्लीखाली जमिनीवर पोचणाऱ्या उजेडात त्यामुळे अतितांबड्याचे प्रमाण वाढलेले असते, आणि तो उजेड तणाच्या बारीक बीला सांगतो की वर कोणीतरी आहे, आता उगवण्यात अर्थ नाही. मेच्या मध्यावर ओळी मिटवून टाकणारे पीक तणाची रोपे सावलीत मारते आणि जी उगवायची आहेत त्यांना झोपवूनही ठेवते. बाजारातल्या कुठल्याही औषधाला हे महिनोन् महिने करता येत नाही.

कोपनहेगनमध्ये जेकब वायनर आणि सहकाऱ्यांनी वासंतिक गव्हावर दाखवले, की बियाणे दाट पेरले आणि ओळींऐवजी शेतभर सारखे विखरून पेरले, तर तणाची वाढ लक्षणीय घटते. बार्लीलाही तोच नियम लागू पडतो. वासंतिक बार्लीत चौरस मीटरला सुमारे ३०० रोपे उभी राहावीत हे उद्दिष्ट असते. तण जास्त असलेल्या शेतात, उशिरा पेरताना किंवा ढेकळे राहिलेल्या जमिनीत बियाण्याचा दर थोडा वाढवणे हा तणनियंत्रणाचाच भाग आहे. पेरताना नत्र आणि स्फुरद बियाण्याजवळ देणे, शेताच्या टोकांची दाबलेली माती मोकळी करणे, पाण्याचा निचरा सुधारणे, मँगनीजची कमतरता वेळीच ओळखणे ही सगळी कामेही त्यातच धरली पाहिजेत.

डेन्मार्कच्या सेंद्रिय शेतांत बार्लीला तीन-चार पाने आल्यावर लवचीक दातांचा वखर पिकावरूनच फिरवतात. तणाची दोन पानांची रोपे मातीने झाकली जातात, बार्ली थोडी मोडते आणि सावरते. येस्पर रासमुसेन यांच्यासारख्या संशोधकांनी, तण किती झाकले गेले आणि पीक किती दुखावले यांचा मेळ कसा घालावा, हे वर्षानुवर्षे अभ्यासले. पण वखरणीने माती हलते, नव्या बियांना उजेड दिसतो आणि एक नवी लाट येऊ शकते. म्हणून ती फेरी पीक जोमदार आणि लगेच मिटणारे असेल तेव्हाच फळते.

तणावर जगणारे

सगळेच तण नाहीसे व्हावे, असे कोणी मनात आणू नये. इंग्लंडच्या ससेक्समध्ये डिक पॉट्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून करड्या तित्तिराचा अभ्यास केला. या पक्ष्याच्या पिलांना पहिले काही आठवडे किडे खायला लागतात. ते किडे धान्यातल्या तणांवर राहतात. नॉटग्रासवर जगणारा एक हिरवा चकचकीत भुंगेरा त्यांतलाच. तणनाशकांनी तण गेले, किडे गेले, आणि पिले उपाशी मरू लागली. त्यावरून १९८० च्या दशकात शेताच्या कडेचा काही मीटरचा पट्टा जपून, निवडकच फवारण्याची पद्धत पुढे आली. नॉटग्रास, ब्लॅक बाइंडवीड आणि चाकवत यांचे बी हिवाळ्यात कापणीनंतरच्या रानात दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचे अन्न आहे. असे दाणे खाणारा कॉर्न बंटिंग हा पक्षी आयर्लंडमधून तर नाहीसाच झाला.

म्हणून उशिरा उगवलेले, सावलीत खुरटलेले, उत्पन्नाला फारसा धक्का न लावणारे तण दिसले, की त्याला शत्रू ठरवण्याआधी थांबायला हवे. माल्टच्या करारातले पीक, रानओट, प्रतिकारक चिकवीड, पिकावर चढलेला क्लीव्हर्स किंवा बाइंडवीड, ही गंभीर प्रकरणे. त्यांच्यावर उपाय करायलाच हवा. कडेच्या पट्ट्यात बसून राहिलेला नॉटग्रास तसा नाही.

बांधावरचा हिशेब

तर जूनमध्ये शेतकऱ्याने शेतात वाकून पाहावे. हे तण कोणते आहे? ते फवारणीआधीचे वाचलेले आहे, की मागाहून उगवलेले? औषध मारूनही न मेलेली, मोठी, वाकडी झालेली रोपे दिसली तर मात्रा चुकली, वेळ चुकली किंवा प्रतिकार आला, आणि त्याचा शोध घ्यायला हवा. कोवळी, दोन-चार पानांची रोपे सगळीकडे सारखी दिसली, तर ती पावसाची लाट आहे आणि पीक दाट असेल तर तेच तिचा बंदोबस्त करील. तण फक्त टोकांवर आणि पट्ट्यांतच असेल, तर दुरुस्ती मातीची हवी, औषधाची नव्हे. त्या जागांची नोंद करून ठेवावी, कारण पुढच्या हंगामात नांगर, निचरा आणि बियाण्याचा दर यांचे निर्णय तिथूनच निघतात.

उशिराच्या तणावर जूनमध्ये हाताशी फार थोडे उपाय उरतात. मार्चमध्ये मात्र सगळे हाती असतात. वाफशावर घातलेली पाळी, पुरेसे बियाणे, वेळेवर दिलेले खत, एकसारखी उगवण आणि तण कोवळे असतानाच दोन वेगवेगळ्या औषधांनी केलेली एक नेमकी फवारणी, एवढे साधले तर उशिरा येणाऱ्या तणाला जमिनीवर जागाच सापडत नाही. बार्ली पिकवणाऱ्याने आपली सगळी हुशारी आणि पैसा त्या पहिल्या सहा आठवड्यांवर लावावा. नंतरच्या कोणत्याही औषधापेक्षा तो खर्च स्वस्त पडतो आणि मातीलाही तोच मानवतो.